डावा हातच का जिंकतो?

सावंतवाडीच्या चितार आळीत, शाल्मलीच्या घराच्या पडवीत, एक यंत्रमानव मांडी ठोकून बसला होता आणि स्वतःशीच खेळत होता. स्वतःशी म्हणजे अगदी स्वतःशीच! डाव्या हाताने एक खेळी करायचा, मग उजव्या हाताने एक. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. डाव संपला की त्याचा पिवळा डावा हात वर जायचा आणि पोटातून आवाज यायचा, "डावा विजयी."

पहिल्यांदा हे झालं तेव्हा कठड्यावर बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदाही वाजवल्या. मग मात्र टाळ्या विरळ होत गेल्या, कारण पुढचा डावही डाव्यानेच जिंकला, त्याच्या पुढचाही, आणि त्याच्याही पुढचा.

"ह्याचा उजवा हात बिघडलाय," जुईने निकाल देऊन टाकला. "आबा, खोबरेल घाला त्याच्या खांद्यात."

सगळे खो खो हसले. हसली नाही ती एकटी शाल्मली. जुईची ही मोठी बहीण, वय वर्षं बारा, आणि पडवीत मांडलेला तो खेळ तिने स्वतःच्या डोक्याने बनवलेला होता. खेळाचं नाव 'ग्रहगड'. आणि आज त्या खेळाचीच परीक्षा होती!

परीक्षा कसली, ते सांगायलाच हवं. 'अनुराधा' नावाचं यान पुढच्या वर्षी चार अंतराळवीरांना घेऊन मंगळाकडे निघणार होतं. जायला महिनोन्‌महिने, तिथे राहायचं, मग परत यायला तितकेच महिने. एवढ्याशा जागेत चार माणसं करणार काय? म्हणून मोहीम केंद्राने देशभरातल्या मुलांना साद घातली होती, की एक खेळ बनवा, जो यानातली माणसं पृथ्वीवरच्या मुलांशी खेळू शकतील. यानात जागा एकाच खेळाला. आलेल्या खेळांची पारख करत गावोगाव फिरणाऱ्या यंत्रमानवाचं नावच मुळी 'पारखी' होतं. सावंतवाडी हा त्याचा शेवटचा मुक्काम. सकाळच्या सौरबसने तो आला होता आणि संध्याकाळच्या बसने निकाल घेऊन जाणार होता.

केंद्राची अट एकच होती. खेळ पाळीचा हवा (म्हणजे आधी एकाने खेळी करायची, मग दुसऱ्याने, दोघांनी एकदम नाही).

"असं का पण?" जुईने ही अट ऐकली तेव्हा नाक मुरडलं होतं. "धडाधड गोळ्या मारायचा खेळ का नाही? मज्जा तर त्यात असते!"

तेव्हा आबांनी तिला समोर बसवलं होतं. आबा म्हणजे ह्या दोघींचे आजोबा. उभा जन्म त्यांनी अंतराळयानांकडून येणारे संदेश ऐकण्यात घालवला. निवृत्त झाले, गावी परतले आणि बापजाद्यांची पटाशी पुन्हा हातात घेतली. आता ते पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी करतात, आणि नातींना विज्ञानही तितक्याच निगुतीने कोरून कोरून सांगतात.

"हे बघ गो," आबा म्हणाले होते, "आपला संदेश जातो प्रकाशाच्या वेगाने. त्याहून वेगाने जगात काहीच जात नाही. तरीसुद्धा मंगळ इतका लांब, की संदेश पोचायला कधी तीन-चार मिनिटं लागतात, कधी वीसच्याही वर. तू इथून गोळी मारलीस, ती बातमी तिथे जाईपर्यंत समोरचा माणूस चहा करून, पिऊन, कप धुऊन मोकळा! मग त्याचं उत्तर यायला तेवढाच वेळ. धडाधड कसला, तो खेळ धडपडच करील."

"पण पाळीच्या खेळात?"

"पाळीच्या खेळात वाट बघणं हा खेळाचाच भाग. समोरचा विचार करतो तोवर तूही कर. उशीर म्हणजे तिथे अडचण नाही, उलट सोय."

हे शाल्मलीने पक्कं डोक्यात ठेवलं आणि कामाला लागली. सूर्याभोवती ग्रहांची कडी असलेला गोल पट तिने आखला. मधले ग्रह एकमेकांना जवळ, कडेचे एकटे-दुकटे. दोन खेळाडू, दोघांची लाकडी यानं, एकाची तांबडी, एकाची हिरवी. आपल्या पाळीला शेजारच्या ग्रहावर यान न्यायचं आणि तो जिंकायचा. जिंकलेला प्रत्येक ग्रह दर पाळीला एक चिंचोका देतो. चिंचोका म्हणजे इंधन! तीन चिंचोके साठले की नवं यान. ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त ग्रह आधी येतील तो जिंकला. यानं आबांनी कोरली आणि लाखेच्या रंगाने अशी चमकवली की बघत राहावं.

काय अभिमान वाटत होता शाल्मलीला! अंगावर मूठभर मांस चढलं होतं. "माझ्या खेळात खोट म्हणून सापडायची नाही," असं ती साऱ्या आळीत सांगत सुटली होती. कुणी विचारलं नाही तरी सांगायची. आणि आता सारी आळी कठड्यावर बसून बघत होती, की डावा हातच जिंकतोय.

"पारखी," ती जरा घुश्शातच म्हणाली, "तुझे दोन्ही हात सारखे आहेत ना?"

"अगदी सारखे," पारखी म्हणाला. "माझ्या आत दोन मेंदू आहेत. एक डावा हात चालवतो, दुसरा उजवा. दोघांची हुशारी सारखी. एकाला दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही."

"मग डावाच का जिंकतो?"

"माझं काम मोजण्याचं. कारण शोधण्याचं काम खेळ बनवणाऱ्याचं," पारखी शांतपणे म्हणाला. "माझी बस पाच वाजता आहे."

शाल्मलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सारख्याला सारखा भिडला तर कधी हा जिंकावा, कधी तो. मग हे काय चाललंय? "खोट ह्याच्यातच आहे," ती पुटपुटली. "आबा, मी ह्याचे हात बदलते, जागा बदलते, यानं बदलते, सगळंच बदलते!"

"सगळं एकदम बदललंस, तर कशामुळे काय झालं ते तुला कळणार कसं?" आबा खुर्चीतूनच म्हणाले. "आमटी बिघडली, म्हणून मीठ, कोकम, गूळ तिन्ही एकदम घातलेस, तर सुधारली कशाने ते सांगता येईल? एका वेळी एकच बदल. बाकी सगळं जिथल्या तिथे."

रागात असली तरी शाल्मलीला ते पटलं. आधी तिने यानांचे रंग बदलले. डाव्याला हिरवी, उजव्याला तांबडी. डावा विजयी! म्हणजे रंगाचा दोष नव्हे. रंग पुन्हा होते तसे केले आणि पट अर्धा फिरवला, म्हणजे डाव्याची बाजू उजव्याला गेली. डावा विजयी! म्हणजे पटाच्या बाजूचाही दोष नव्हे. मग तिने पट होता तसा केला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "आता पहिली खेळी उजव्याने कर."

पारखीचे हात भराभर हलले. चिंचोके सरकले, यानं धावली. आणि पारखीचा निळा उजवा हात वर गेला.

"उजवा विजयी."

"बरा झाला! हात बरा झाला!" जुई नाचायला लागली.

शाल्मलीने मात्र पट पुन्हा मांडला. तिने पुन्हा खेळून बघायला सांगितलं, पुन्हा उजवा. परत डाव्याला पहिली खेळी दिली, परत डावा. आता तिला कळून चुकलं. दोष हाताचा नव्हताच. जो आधी खेळतो तो जिंकतो. खोट पारखीत नव्हतीच. ती 'ग्रहगडा'तच होती, आणि तीही साऱ्या आळीसमोर सापडली होती.

"पण आमच्याकडे असं कधीच झालं नाही!" ती जवळजवळ ओरडलीच. "मी आणि जुई शंभरदा खेळलो असू. कधी ती जिंकते, कधी मी. आबांशी खेळले तरी तसंच. खेळ बरोबरीचा आहे म्हणूनच ना?"

"तुमच्याकडे पहिली खेळी कोण करतं?" पारखीने विचारलं.

"मी!" जुई छाती पुढे काढून म्हणाली. "लहान्याचा पहिला मान! आमच्याकडे तशीच रीत आहे."

"आणि आबांशी खेळताना?"

"तेव्हा मी," शाल्मली म्हणाली. "कारण मी लहान. आणि पाहुणे आले की पाहुण्यांना पहिली..."

ती बोलता बोलता थांबली. आबांनी चष्मा काढला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"घ्या! म्हणजे आपल्या चांगल्या रीतीनेच आपल्याला चकवलं की!"

तुमच्या लक्षात आलं ना, काय झालं होतं ते? जुई धाकटी, खेळात कच्ची. पण पहिली खेळी नेहमी तिची. आबांसमोर शाल्मली कच्ची, तेव्हा पहिली खेळी हिची. पाहुण्यांना तर खेळच नवा, त्यांनाही पहिली खेळी. तराजूच्या एका पारड्यात कच्चेपणा आणि दुसऱ्यात पहिल्या खेळीचा फायदा. काटा मधोमध! बघणाऱ्याला वाटावं, वा, काय बरोबरीचा खेळ आहे. पारखीचे दोन्ही मेंदू सारखे निघाले, कच्चेपणा उचलला गेला, आणि पारडं धाडकन खाली आलं. अशा एकमेकांना झाकून टाकणाऱ्या दोन गोष्टी असल्या, की भले भले शास्त्रज्ञही फसतात. शाल्मली तर बारा वर्षांची.

"एवढीशी तर गोष्ट आहे," जुई म्हणाली. "एकच खेळी आधी. तेवढ्याने काय होतंय?"

आबांनी परसातल्या केळीकडे बोट दाखवलं. "ती बघ. एका केळीला बाजूने कोंब फुटतात, त्या कोंबांच्या केळी होतात, मग त्यांना कोंब. शेजाऱ्याने तुझ्याआधी एकच केळ लावली, तर पहिल्या वर्षी त्याची एकच जास्त. पण त्या एकीचे कोंब, त्या कोंबांचे कोंब! काही वर्षांनी त्याची बाग झालेली असेल आणि तू अजून खड्डे खणत असशील. ह्या खेळात पहिल्याला एक ग्रह आधी मिळतो. म्हणून चिंचोका आधी, म्हणून यान आधी, म्हणून पुढचा ग्रहही आधी. ह्याला म्हणायचं वाढती आघाडी (जी आघाडी स्वतःच स्वतःला वाढवत नेते). सुरुवातीचा फरक चिमूटभर, शेवटचा पोतंभर."

"आणि असा खेळ यानात गेला तर?" शाल्मलीने हळूच विचारलं.

"चार माणसं एका डब्यात," पारखी म्हणाला. "थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात येईल, की जिंकणं-हरणं खेळावर नसून पाळीवर आहे. मग पाळीवरून भांडणं. असा खेळ मला पाठवता येणार नाही."

शाल्मलीने ओठ दाबून धरले. रडायचं नव्हतं, निदान एवढ्या लोकांत तरी नव्हतं. तिने फ्रॉकला हात पुसले आणि पटासमोर बसली.

"चिंचोकेच काढून टाकते. इंधन नाही, नवी यानं नाहीत. मग आघाडी वाढणार कशी?"

पारखीने तसं खेळून पाहिलं. खेळला, खेळला, खेळतच राहिला. दोन यानं पटावर नुसती शिवाशिवी करत फिरत होती. जुईला जांभई आली, कठड्यावरची निम्मी पोरं घरी पळाली.

"गेली मजा!" आबा म्हणाले. "अगो, ग्रह जिंकले की ताकद वाढते, म्हणून तर जीव लावून खेळावंसं वाटतं. तुझ्या खेळाचा मोठा गुण तोच आणि दोषही त्यातूनच आलेला. तण उपटताना भाताचं रोप उपटू नकोस."

चिंचोके परत आले. मग शाल्मलीला दुसरी युक्ती सुचली. मागून खेळणाऱ्याला सुरुवातीलाच एक चिंचोका भरपाई द्यायची! पारखीचे हात धावले. आधी खेळणारा जिंकला. बरं, दोन चिंचोके देऊन पाहू. मागून खेळणारा जिंकला! पुन्हा खेळले, पुन्हा मागचाच. एक दिला तर कमी पडतो आणि दोन दिले तर जास्त होतात.

"दीड दे," जुई म्हणाली, आणि चिंचोका दाढेखाली धरलासुद्धा.

"कृपया दात वापरू नका," पारखी म्हणाला. "अर्ध्या चिंचोक्याने अर्धं यान होईल. अर्धं यान उडत नाही."

घड्याळात चार वाजून गेले. आता मात्र शाल्मलीचा धीर सुटला. तिने तांबडी यानं गोळा करून डब्यात टाकायला सुरुवात केली.

"जाऊ दे त्याला. नको पाठवायला माझा खेळ. उगाच मिरवत होते मी. हात दाखवून अवलक्षण!"

आबांनी तिला थांबवलं नाही, समजावलंही नाही. ते उठले, आत गेले आणि फणसपोळीची गुंडाळी अन् सुरी घेऊन बाहेर आले.

"भूक लागली की मलाही काही सुचत नाही. काप बघू. तुम्हा दोघींना अर्धी अर्धी."

शाल्मलीने सुरी घेतली. मन थाऱ्यावर नव्हतं. तिने कसाबसा एक काप दिला आणि गुंडाळीचे दोन तुकडे पडले, एक हा एवढा आणि एक एवढुस्सा. जुईने क्षणाचाही विलंब न लावता मोठा तुकडा उचलला आणि तोंडात कोंबला.

"जुये!"

"काय जुये?" जुई भरल्या तोंडाने म्हणाली. "कापणाऱ्याने मागून उचलायचं! तूच तर नेहमी सांगतेस. रोज कशी डोळ्यांत तेल घालून कापतेस. आज आंधळी झालीस, माझा काय दोष?"

खरंच होतं ते. त्या घरात फणसपोळी, खाजं, काजूगर, काहीही वाटायचं असलं की हाच नियम. एकीने वाटे करायचे आणि दुसरीने आधी उचलायचं. म्हणून तर शाल्मली रोज सुरी धरून डोळा बारीक करायची, इकडून बघायची, तिकडून बघायची. मोठा तुकडा करून उपयोग नाही, तो जुई पळवणार. म्हणून दोन्ही तंतोतंत...

शाल्मलीच्या हातातली सुरी तशीच राहिली.

"आबा!" ती किंचाळलीच. "पहिली खेळी मी करायची. पण ती खेळी कुणाची, ते दुसऱ्याने ठरवायचं!"

"म्हणजे गो?" आबांचे डोळे चमकले होते. त्यांना कळलं होतं, पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

शाल्मलीने डब्यातली यानं पटावर परत मांडली. "हे बघ जुई. पटावर कुठलाही एक ग्रह निवडून मी पहिलं यान ठेवणार. ठेवलं, की तू मला सांगायचं, ताई, ही तुझी बाजू मी घेते, नाहीतर म्हणायचं, असू दे, मी दुसरी घेते. त्यानंतर दुसरी बाजू खेळणार आणि पाळी आपली नेहमीसारखी."

जुईने थोडा विचार केला. "मग तू मधला भारी ग्रह घेतलास, तर मी तुझी बाजूच पळवीन!"

"म्हणूनच मी तो घेणार नाही!"

"मग कडेचा भिकार ग्रह घेशील."

"तर तू म्हणशील, ठेव तुझा तुला, आणि मला हरवशील."

"मग घेशील कुठला?"

"असा, की त्याच्यामुळे दोन्ही बाजू सारख्या होतील. पहिल्या खेळीचा फायदा बरोबर फिटेल इतका साधा ग्रह. तुझी फणसपोळी कापते ना, तसाच!"

"बघा!" आबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "चिंचोक्याचे तुकडे करायला नकोत, काही काढायला नको, घालायला नको. पहिल्याला आता स्वतःच्याच भल्यासाठी न्यायाने वागावं लागणार. दुसऱ्याला निवड दिली, की पहिल्याची सुरी आपोआप सरळ चालते."

"खेळून पाहतो," पारखी म्हणाला.

डाव्या हाताने यान उचललं आणि मधल्या ग्रहांच्या जरा बाहेर, ना आत ना कडेला, अशा एका ग्रहावर ठेवलं. उजवा हात थबकला. बाजू बदलली नाही. खेळ सुरू झाला. शाल्मलीने जुईचा हात घट्ट धरला होता.

"डावा विजयी."

पारखीने पुन्हा मांडलं.

"उजवा विजयी."

मग पुन्हा उजवा. मग डावा. मग उजवा, डावा, डावा. हात इतके भराभर चालायला लागले की पिवळा कुठला आणि निळा कुठला ते दिसेना. पळालेली पोरं परत आली होती, आणि आता प्रत्येक निकालाला ओरडत होती. निम्मी डाव्याच्या बाजूने, निम्मी उजव्याच्या. पुढे कोण जिंकणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं! खेळात जीव येतो तो असा.

मोती तलावाच्या बाजूने बसचा भोंगा ऐकू आला तेव्हा पारखीने दोन्ही हात खाली ठेवले.

"आधी खेळो वा मागून, दोघांचे विजय आता सारखेच आहेत. फरक दिसत नाही," तो म्हणाला. "गुण सांगतो. नियम थोडे, विचार भरपूर. यानं लाकडी, हलकी, वीज लागत नाही. हरणाऱ्याला लगेच दुसरा डाव मांडावासा वाटतो. आणि पाळीचा खेळ असल्यामुळे कितीही लांबून खेळता येतो. सकाळी एक मोठा दोष होता, तो दुपारी गेला, आणि जाताना एकही गुण बरोबर घेऊन गेला नाही. शाल्मलीताई, 'ग्रहगड' 'अनुराधे'तून जाणार."

आळीने जो काही गिल्ला केला म्हणता! तलावावरचे बगळे उडाले असतील. आबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि वर "लाखेची धूळ गेली डोळ्यांत" अशी थापही मारली. जुई कठड्यावर चढून ओरडत होती, "माझ्या ताईच्या खेळात खोट म्हणून सापडायची नाही!"

"होती," शाल्मली म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"खोट होती," ती पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाली. मान ताठ होती तिची. "मीच शोधली आणि मीच काढली. आणखी असली तर तीही शोधीन."

सकाळीही तिला अभिमान वाटत होता, पण कुणी बोट लावलं की फुटेल असा. आताचा अभिमान निराळा होता. तो पक्क्या लाखेसारखा होता, घासला तर उलट चमकणारा. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

जाताना पारखी पायरीवर थांबला. "एक शंका. नव्या नियमाला नाव काय लिहू?"

"फणसपोळीचा नियम," शाल्मली म्हणाली.

आणि तेच नाव लागलं.

पुढच्या वर्षी 'अनुराधा' निघालं. त्यात चार अंतराळवीर होते आणि सावंतवाडीच्या पांगाऱ्याची तांबडी-हिरवी यानं होती. यान पुष्कळ लांब गेल्यावर पहिल्या डावाचा दिवस आला. पहिली खेळी शाल्मलीची. लहान्याचा मान म्हणून नव्हे हं! पाहुण्यांना निवडीचा मान द्यायचा, म्हणून. आदल्या आठवड्यात तिने सगळे ग्रह पारखून पाहिले होते. डोळा बारीक करून, इकडून आणि तिकडून. शेवटी एका ग्रहावर यान ठेवलं आणि आबांनी केंद्राने दिलेल्या बोलायच्या यंत्रावरून खेळी धाडली.

आता वाट बघायची. संदेश जायला पाच मिनिटं आणि उत्तर यायला पाच, असं आबांनी सांगितलं होतं. पडवीत आळी लोटली होती. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. जुई उंबऱ्यापासून अंगणापर्यंत फेऱ्या मारत होती. वीस होऊन गेली तेव्हा शाल्मलीचं तोंड उतरलं. संदेश वाटेत हरवला, की खेळी चुकली?

मग खडखड झाली आणि यानाच्या कप्तान बाईंचा आवाज पडवीभर घुमला.

"नमस्कार, सावंतवाडी. उशीर झाला, माफ करा. तुमची खेळी वेळेवर पोचली. पण इथे आम्ही चौघे भांडतोय. दोघं म्हणतात तुमची बाजू घ्या, दोघं म्हणतात दुसरी घ्या. कोणती चांगली तेच कुणाला कळत नाहीये. कापलीत कशी हो इतकी सारखी?"

आळीत हशा उसळला, टाळ्या कडाडल्या. आबांच्या डोळ्यांत आजही लाखेची धूळ गेली होती. शाल्मलीने एकदा आकाशाकडे पाहिलं. कोट्यवधी मैलांवर चार शहाणीसुरती माणसं तिच्या एका खेळीवरून डोकं खाजवत बसली होती. तिला हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना.

"सांगू का त्यांना," जुई कानाशी लागून म्हणाली, "ही माझ्याशी फणसपोळी वाटून वाटून शिकली म्हणून?"

"सांग," शाल्मली म्हणाली, आणि तिने जुईच्या हातात बोलायचं यंत्र दिलं.